पन्नास पैशांची परीक्षा

अमेरिकेत निवडणूक जवळ आली की हजारो माणसे घरी बसून अनोळखी मतदारांना हाताने पोस्टकार्डे लिहितात. एका राज्यातला निवृत्त मास्तर दुसऱ्या राज्यातल्या विशीतल्या कृष्णवर्णीय नाहीतर लॅटिनो मुलीला कळवतो, की अमुक तारखेला मतदान आहे, जरूर जा. त्यांतले काही चिकित्सक एवढ्यावर थांबत नाहीत. या कार्डापायी कुणी खरेच घराबाहेर पडते का, असे ते विचारतात. यादीतल्या निम्म्यांना कार्ड धाडतात, निम्म्यांना धाडत नाहीत आणि निकालानंतर दोन्ही गटांतले किती जण मतदानाला गेले ते ताडून पाहतात. हाच प्रयोग अमरावती-अकोल्यातल्या मुस्लिम आणि बौद्ध तरुणांबाबत करावा का? करावा. मात्र तिकडचा नमुना जसाच्या तसा उचलला तर हाती भोपळा येईल. कार्डाने नेमके काय घडावे आणि ते घडले हे कळणार कसे, याचा हिशेब पहिले कार्ड लिहिण्याआधी व्हायला हवा.

साधन तर स्वस्त आहे. भारतात पोस्टकार्ड आले १ जुलै १८७९ रोजी, पाव आण्याला. आज ते पन्नास पैशांना मिळते, अर्थात पोस्टात शिल्लक असेल तर. पन्नास पैशांचे नाणे अकोल्याच्या टिळक रोडवर कुणी हातात घेणार नाही, पण तेवढ्या पैशांत सरकार अजूनही एक चिठ्ठी काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत पोचवते. हजार कार्डांना पाचशे रुपये. वाढदिवसाच्या शुभेच्छांचा एखादा बऱ्यापैकी फ्लेक्ससुद्धा एवढ्यात व्हायचा नाही.

आणि मतदारांना पत्रे लिहायची कल्पना आपल्याला नवी नाही. निवडणूक आयोगाचा मतदार जागृतीचा ‘स्वीप’ नावाचा कार्यक्रम आहे. त्याखाली शाळकरी मुलांकडून आईवडिलांना संकल्पपत्रे लिहून घेतली जातात, पालकांच्या सह्या होतात, गठ्ठे मोजले जातात आणि आकडा वर कळवला जातो. २०२४च्या लोकसभेआधी आयोगाने टपाल खात्याशी मतदार जागृतीचा करारही केला. याशिवाय मानवी साखळी, रांगोळी, सायकल रॅली, पथनाट्य हे ठरलेलेच. या सगळ्यांत मोजले जाते ते आपण किती केले. त्याने काय झाले, हे मोजायचा रिवाज नाही. किती संकल्पपत्रे भरली हे जिल्हा प्रशासन छातीठोकपणे सांगते. त्या पालकांपैकी एकही जास्तीचा माणूस मतदानाला गेला का, असे विचारले तर समोरचा आपल्याकडेच संशयाने पाहू लागतो. म्हणून पोस्टकार्डाच्या या कल्पनेतला आमच्या मते सर्वांत मोलाचा भाग कार्ड नव्हे, परीक्षा आहे.

परीक्षा घेणाऱ्यांचे आजवरचे निकाल मात्र कार्डाच्या भक्तांना फारसे आवडणारे नाहीत. या शास्त्राची सुरुवात तशी जुनी. १९२४ साली शिकागो विद्यापीठातल्या हॅरोल्ड गॉस्नेल यांनी त्या शहरातल्या हजारो नागरिकांना टपालाने पत्रके पाठवली. नुसत्या इंग्रजीत नव्हे, पोलिश, चेक आणि इटालियन भाषांतही, कारण नव्याने आलेल्या त्या वस्त्यांत घरची भाषा तीच होती. पत्रके मिळालेल्यांत मतदार नोंदणी इतरांपेक्षा चांगली झाली. पुढे पाऊण शतक हा धागा जवळजवळ सुटलेला होता. १९९८मध्ये ॲलन गर्बर आणि डोनाल्ड ग्रीन यांनी न्यू हेवन शहरात तो पुन्हा उचलला. दारावर जाऊन समोरासमोर बोलल्याने मतदान आठ-नऊ टक्क्यांनी वाढले. टपालाने पाठवलेल्या छापील पत्रकामागे वाढ होती अर्ध्या टक्क्याच्या आसपास, आणि भाडोत्री फोन करणाऱ्यांनी काहीच वाढवले नाही.

अल्पसंख्याकांपुरते बोलायचे तर लिसा गार्सिया बेडोला आणि मेलिसा मिशेलसन यांचे काम वाचण्यासारखे आहे. २००६ ते २००८ या काळात कॅलिफोर्नियातल्या लॅटिनो, आशियाई आणि कृष्णवर्णीय वस्त्यांत स्थानिक संस्थांना हाताशी धरून त्यांनी २६८ प्रयोग केले. त्यांतही टपाल फिकेच पडले. चालले ते दार ठोठावणे, आणि ‘येतो’ म्हणणाऱ्याला मतदानाआधी पुन्हा फोन करणे. त्याहून आपल्याला जवळचा प्रयोग नीमा त्रिवेदी यांचा. २००४मध्ये त्यांनी न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या भारतीय वंशाच्या मतदारांना तीन तऱ्हांची पोस्टकार्डे पाठवली. एकात नागरिकाचे कर्तव्य, दुसऱ्यात आशियाई म्हणून हाक, तिसऱ्यात भारतीय म्हणून. आपल्या माणसाने आपल्या नावाने साद घातली की पावले उठतील, हा अंदाज तिथे खरा ठरला नाही. तिन्ही कार्डांत सांगण्यासारखा फरक निघाला नाही.

टपाल दणक्यात चालल्याचेही एक गाजलेले उदाहरण आहे. २००६च्या ऑगस्टमधले, मिशिगन राज्यातले. १ लाख ८० हजार कुटुंबांचा तो प्रयोग होता. काही घरांना असे पत्र गेले, की मागच्या निवडणुकांत तुम्ही मतदान केले की नाही, तुमच्या शेजाऱ्यांनी केले की नाही, हे पाहा. या वेळचे आम्ही निवडणुकीनंतर पुन्हा कळवू, तुम्हालाही आणि त्यांनाही. ज्यांना काहीच पाठवले नव्हते त्यांच्यात २९.७ टक्के मतदान झाले, हे पत्र मिळालेल्यांत ३७.८. पन्नास पैशांच्या साधनातून आठ टक्के! हा आकडा पाहून आपल्याकडच्या एखाद्या उत्साही कार्यकर्त्याचे डोळे चमकतील. त्याने जरा अमरावतीच्या पठाण चौकात नाहीतर अकोल्याच्या बैदपुऱ्यात उभे राहून विचार करावा.

आपल्याकडे मतदान गुप्त असले तरी बूथवार आकडे उघड असतात. कुठल्या शाळेतल्या कुठल्या खोलीत कुणाला किती मते पडली, हे निकालाच्या दुसऱ्या दिवशी चहाच्या टपरीवर पाठ असते. एकाच समाजाची दाट वस्ती असेल तर मोहल्ल्याने कुणाला मत दिले हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. अशा वस्तीत कुणा अनोळखी माणसाचे कार्ड आले, की ‘तुम्ही मतदान केले की नाही यावर आमचे लक्ष आहे’, तर ते आग्रहाचे निमंत्रण म्हणून वाचले जाणार नाही, दमदाटी म्हणूनच वाचले जाईल. २०१९-२०च्या हिवाळ्यात नागरिकत्वाच्या कागदांवरून जी धास्ती घराघरांत शिरली, ती पुरती ओसरलेली नाही. यादी, पत्ता, नाव हे शब्द कानावर आले की घरातली बाई पहिल्यांदा विचारते, ह्यांना आपला पत्ता दिला कोणी? मिशिगनचे कार्ड वऱ्हाडात लिहायचे नाही. चालत असले तरी लिहायचे नाही.

बरे, ते आपल्याला मोजताही येणार नाही. अमेरिकेत कुणी कुणाला मत दिले हे गुप्त असते, पण कोण मतदानाला गेले ही नोंद मागितली तर मिळते. म्हणून तिथे कार्ड आणि मतदार यांची गाठ घालून पाहता येते. आपल्याकडे बूथवर खुणा केलेली मतदार यादी आणि सह्यांची नोंदवही मतदान संपताच मोहरबंद पाकिटात जाते आणि न्यायालयाच्या आदेशाशिवाय उघडत नाही. हे योग्यच आहे, ते तसेच राहावे. पण मग प्रयोग करणाऱ्याच्या हाती उरतो फक्त १७-सी नमुन्यातला बूथचा एकूण आकडा. साधा हिशेब करू. हजार मतदारांच्या बूथवर ज्यांना कार्ड गेले असे तरुण दीडशे धरा. कार्डाने शंभरामागे एक माणूस जास्त आला, म्हणजे तिकडच्या अनुभवाप्रमाणे बरेच चालले, तरी बूथवर वाढले दीड मत. मशीन अर्धा तास बंद पडले, गल्लीत एक लग्न निघाले, एका नगरसेवकाने रिक्षा लावल्या, तर याच्या दहापट फरक पडतो. २६ एप्रिल २०२४ला अमरावती आणि अकोल्यात लोकसभेचे मतदान झाले तेव्हा वऱ्हाडातले ऊन ऐन भरात होते आणि वार शुक्रवार होता. दुपारी जुम्म्याची नमाज, डोक्यावर ऊन. त्या दीड मताचा माग त्या दिवशी कोण काढणार होते?

शाई लावलेली बोटे दुसऱ्या दिवशी घरोघर जाऊन पाहावीत, असा उपाय काही जण सुचवतात. ज्या घरात मतदान केले नाही त्या घरातल्या पोरीला अनोळखी माणसासमोर बोट पुढे करायला लावणे हा जागृतीचा कोणता प्रकार, ते त्यांनीच सांगावे.

इथे मूळ गृहीतकाकडेच एकदा नीट पाहायला हवे. अल्पसंख्याक तरुण मतदानाला उत्सुक नसतो, त्याला चुचकारावे लागते, हे अमेरिकेत धरून चालतात. वऱ्हाडात ते धरून चालायला आधार काय? २०११च्या जनगणनेप्रमाणे अकोला जिल्ह्यात मुसलमान आणि बौद्ध मिळून लोकसंख्येचा एकतृतीयांशाहून मोठा हिस्सा होतो, अमरावतीत एकचतुर्थांशाहून मोठा. हे समाज इथल्या राजकारणाच्या काठावर उभे नाहीत, मध्यभागी आहेत. प्रकाश आंबेडकर १९९८ आणि १९९९मध्ये अकोल्यातून लोकसभेवर गेले ते काही कुणाच्या पोस्टकार्डामुळे नव्हे. २०२४च्या नोव्हेंबरात अकोला पश्चिमची जागा १,२८३ मतांनी इकडची तिकडे झाली. एवढ्या चुरशीच्या गावात मताची किंमत पोरांना शिकवावी लागत नाही. भारतात गरीब आणि दलित मतदार रांगेत मागे नसतात, उलट बंगल्यांच्या कॉलन्यांतलीच रांग तोकडी असते, हे निवडणुकांच्या अभ्यासकांनी केव्हाच दाखवून दिले आहे.

उलट या पोरांसमोर निवडणूकच आली नाही, असे किती वेळा झाले ते पाहा. अमरावती आणि अकोला या दोन्ही महापालिकांची निवडणूक २१ फेब्रुवारी २०१७ला झाली. मुदत २०२२च्या मार्चमध्ये संपली आणि प्रशासक बसले. पुढचे मतदान झाले ते थेट १५ जानेवारी २०२६ रोजी. म्हणजे २०१७च्या मार्चमध्ये अठरा पूर्ण केलेल्या, अकोल्याच्या अकोट फैलातल्या मुलाने आपला नगरसेवक निवडायला पहिले बटण दाबले ते वयाच्या सत्ताविसाव्या वर्षी. मुदत संपल्यापासून त्याच्या नालीचा, नळाचा आणि कचऱ्याच्या गाडीचा धनी एक अधिकारी होता. अकोला पश्चिमची गोष्ट तर आणखी न्यारी. आमदार गोवर्धन शर्मा २०२३च्या नोव्हेंबरमध्ये वारले, पोटनिवडणूक लोकसभेबरोबरच जाहीर झाली, आणि २०२४च्या मार्चअखेर उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने ती रद्द केली, कारण विधानसभेची मुदतच थोडी उरली होती. कायद्याने ते बरोबर असेल. पण तरुण मतदान करत नाहीत अशी हळहळ करणाऱ्यांनी जरा या तारखा डोळ्यांसमोर ठेवाव्यात. मतदानाची सवय मतदान करूनच लागते, आणि सवय लागायच्या वयात आपण या पोरांना नऊ वर्षे महापालिकेच्या दाराबाहेर उभे ठेवले.

दुसरी गळती यादीत आहे, आणि ती मोठी आहे. २०२४च्या लोकसभेला देशभरात १८-१९ वयाचे १ कोटी ८२ लाख मतदार यादीत होते. त्या वयाच्या लोकसंख्येचा अंदाज काढला तर दहांतले चारही भरत नाहीत. बाकीचे सहा आळशी नव्हेत, उदासीन नव्हेत, ते यादीतच नाहीत. त्यांना मतदानाच्या आठवडाभर आधी कितीही सुंदर अक्षरात कार्ड लिहा. उमेदवारी अर्जाची शेवटची तारीख उलटली की यादीत नवे नाव चढत नाही. स्थानिक निवडणुकांत तर याहून आखडते प्रकरण. जानेवारी २०२६च्या महापालिका निवडणुकांसाठी १ जुलै २०२५ची विधानसभेची यादी धरली गेली. त्या वर्षी ऑगस्टमध्ये अठरा वर्षांची झालेली मुलगी जानेवारीत जवळजवळ साडेअठरा वर्षांची होती, आणि मतदार नव्हती.

वऱ्हाडातल्या मुसलमान घरांत नावांची आणखी एक गोम आहे, ती मुंबई-पुण्याच्या माणसाच्या लक्षात येत नाही. इथे बऱ्याच घरांना आडनाव नसते. मुलाचे नाव लिहिले जाते ते ‘शेख अमुक शेख तमुक’ असे, दुसऱ्या शेखनंतर बापाचे नाव. सय्यदांचे तसेच, मोहम्मद लावणाऱ्यांचे तसेच. फॉर्ममध्ये मात्र नाव एका चौकोनात आणि आडनाव दुसऱ्यात मागतात. मग भाऊ एका तऱ्हेने भरतो, बहीण दुसऱ्या. उर्दू शाळेच्या दाखल्यावरचे नाव आधारवर इंग्रजीत गेले, तिथून यंत्राने मराठीत आणले, वाटेत ‘मोहम्मद’चे कुठे ‘मो.’ झाले, कुठे ‘महंमद’. यादीत शोधायला बसले की ‘शेख’ म्हणून पानेच्या पाने निघतात आणि नेमके आपले नाव सापडत नाही. यादी लागली की पानठेल्यावर चौकशी सुरू होते, ‘नाव आलं काय बे लिस्टमंदी?’, आणि तिचे उत्तर पुष्कळदा ‘आलं वाटते, पन माहं हाय का दुसऱ्याचं, समजून नाही राह्यलं’ असे असते. बौद्ध वस्त्यांतल्या पोरांची अडचण वेगळी. फ्रेजरपुऱ्यातला नाहीतर कृषीनगरातला पदवीधर पुण्यात कंपनीत लागलेला असतो किंवा स्पर्धा परीक्षेच्या खोलीत पडलेला असतो. नाव गावच्या यादीत, माणूस पाचशे-सहाशे किलोमीटरवर. लग्न झालेल्या मुलींचे तर विचारूच नका, नाव माहेरी आणि संसार सासरी.

म्हणून आमचे म्हणणे असे, की कार्ड मतदानासाठी लिहू नका, नोंदणीसाठी लिहा. गॉस्नेल यांच्या पत्रकांचा गुणही आधी नोंदणीतच दिसला होता. आणि जी अडचण मतदान मोजताना येते ती इथे येत नाही. मतदानाला कोण गेले हे आपल्याकडे गुप्त, पण यादी उघड. नाव चढले की नाही हे कुणालाही पाहता येते, त्यासाठी कुणाचे बोट तपासावे लागत नाही. नव्या अर्जांच्या याद्याही हरकतींसाठी प्रसिद्ध होतात. शिवाय २०२२पासून नाव घालायला वर्षात चार पात्रता तारखा आहेत. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै, १ ऑक्टोबर. सतरा पूर्ण झालेल्यांना आधीच अर्ज देता येतो. म्हणजे निवडणुकीची वाट न पाहता दर तिमाहीला ही परीक्षा घेता येईल.

ती घ्यायला मोठी यंत्रणा नको. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या या दोन जिल्ह्यांतल्या कॉलेजांत राष्ट्रीय सेवा योजनेची पथके आहेत, मतदार साक्षरता मंडळे आहेत, निदान कागदावर आहेत. बारावीच्या आणि पहिल्या वर्षाच्या दोन हजार मुलामुलींची, त्यांना विचारून आणि त्यांच्या संमतीने, नावे-पत्ते घ्यावेत. सर्वांसमक्ष चिठ्ठ्या टाकाव्यात. हजारांना कार्ड जाईल, हजारांना या फेरीत नाही, पुढच्या फेरीत. तीन महिन्यांनी यादी उघडून दोन्हीकडची नावे मोजावीत. एवढ्या संख्येत पाच टक्क्यांचा फरक असेल तर तो बऱ्यापैकी खात्रीने ओळखता येतो, एक-दोन टक्क्यांचा ओळखता येत नाही, हेही आधीच लिहून ठेवावे. नाहीतर आकडे आल्यावर ज्याला जे हवे ते दिसू लागते. खर्च पाचशे रुपये आणि चार संध्याकाळी.

कार्ड कुणी लिहावे याला मात्र फार महत्त्व आहे, आणि इथे अमेरिकेच्या नेमके उलट जावे लागेल. तिकडे अनोळखी माणूस अनोळखी माणसाला लिहितो. इथे ओळखीच्याने लिहावे. उर्दू शाळेतल्या आपांनी जुन्या विद्यार्थिनीला, वसतिगृहातल्या दादाने नव्या पोराला, अंगणवाडीताईंनी गल्लीतल्या मुलीला. २०२१च्या नोव्हेंबरात अमरावतीत आणि २०२३च्या मे महिन्यात अकोल्यात दंगलीनंतर इंटरनेट बंद ठेवावे लागले होते. फॉरवर्ड म्हणून आलेल्या मजकुराकडे तेव्हापासून इथला शहाणा माणूस जरा तिरक्या नजरेनेच पाहतो. आपांचे वळण ओळखू येणारे शाईचे अक्षर हे फॉरवर्ड नसते. आणि पोस्टकार्ड उघडे असते. ते पोरीच्या नावाने येते आणि तिच्या हाती पडेपर्यंत अब्बूंनी, अम्मीने, धाकट्या भावाने वाचलेले असते. खासगीपणाच्या दृष्टीने हे वाईटच. पण अठरा वर्षांच्या मुलीच्या नावाने घरात आलेला, सगळ्यांनी वाचलेला कागद, आणि त्यात तिने नाव नोंदवावे असे लिहिलेले, याचे वजन मोबाइलवरच्या संदेशाला येत नाही. पाकिस्तानात सिंधमध्ये झेवियर जिने आणि गझाला मन्सुरी यांनी २००८च्या निवडणुकीआधी बायकांना घरी जाऊन मतदानाचे महत्त्व आणि मताची गुप्तता समजावून दिली होती. त्या बायकांचे मतदान सुमारे बारा टक्क्यांनी वाढले, आणि ज्यांच्याकडे कुणी गेले नव्हते त्या शेजारणीही जास्त संख्येने गेल्या. घरात पोचलेला शब्द भिंतीपलीकडे जातो. कार्डाचा शब्द जातो का, हे आपल्याला अजून पाहायचे आहे.

मजकूर भावनेचा नको, कामाचा हवा. लोकशाहीचा उत्सव वगैरे त्यात येता कामा नये. ‘जय भीम. तुह्या दाखल्यावर नाव जसं हाय तसंच सहा नंबरच्या फॉर्मात भर. जन्माचा दाखला नसन तर दहावीची सनद चालते. बीएलओ मॅडम रविवारी शाळेत बसतात. भरला की मले सांग.’ बस. उर्दू वाचणाऱ्या घरी उर्दूत, मराठी वाचणाऱ्या घरी मराठीत, आणि जिथे पोरगी मराठी शाळेत गेली पण अम्मी उर्दूच वाचते तिथे अर्धे कार्ड एकीसाठी, अर्धे दुसरीसाठी. कार्डातले ‘भरला की मले सांग’ हे शेवटचे वाक्य गाळायचे नाही. कॅलिफोर्नियात उपयोगी पडले ते पुन्हा विचारणेच.

‘आपल्या कौमची ताकद दाखवा’ ही ओळ कुणाच्या तरी मनात येईलच. क्वीन्समध्ये अशा ओळीने काही साधले नाही हे एक. दुसरे असे की लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या १२३व्या कलमाप्रमाणे उमेदवाराने वा त्याच्या माणसाने धर्म, जात, भाषा यांच्या नावावर मत मागणे हा भ्रष्ट आचार आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींच्या पीठाने २ जानेवारी २०१७ला चार विरुद्ध तीन मतांनी त्याचा अर्थ आणखी रुंद केला, आणि ते प्रकरणही मुंबईच्या सांताक्रूझमधलेच होते. नोंदणीच्या कार्डावर कुणासाठी मत मागितलेले नसते, म्हणून ते या कचाट्यात सापडत नाही. तेवढ्यासाठी तरी कुठल्याही पक्षाच्या कार्यकर्त्याला या कामात कार्डे चिकटवायलासुद्धा घेऊ नये.

याच कायद्यात हस्ताक्षराच्या बाजूनेही एक गमतीची तरतूद आहे. निवडणुकीच्या पत्रकावर मुद्रकाचे आणि प्रकाशकाचे नाव-पत्ता छापायलाच हवा, असे १२७-क कलम सांगते. छपाई म्हणजे काय, तर प्रती काढण्याची कुठलीही पद्धत, हाताने नक्कल करणे सोडून. १९६१च्या सुमारास हे कलम लिहिणाऱ्यांना हाताने लिहून कुणी किती प्रती काढणार असे वाटले असावे. चार डझन पोरांना एका रविवारी बसून काय करता येते, याचा त्यांनी विचार केला नसावा. सूट आहे म्हणून निनावी मात्र राहू नये. कार्डाखाली लिहिणाऱ्याचे पूर्ण नाव आणि गल्ली हवीच, कारण कार्डाची सगळी पुण्याई त्या नावात आहे.

राहिला निकाल. आमचा अंदाज विचाराल तर कार्डाने थोडा फरक पडेल, मुलींत जास्त, आणि पुण्याला गेलेल्या पोरांत जवळजवळ नाही, कारण कार्ड ज्या घरी जाईल त्या घरी ते नाहीत. हा अंदाजच आहे, आणि तो सपशेल चुकू शकतो. चुकला तर तसे छापून आले पाहिजे, जिल्हाधिकारी कार्यालयाच्या फलकावर आणि कॉलेजच्या वार्षिकांकातही. हजार कार्डे लिहिली, उपयोग झाला नाही, असे एक वाक्य सरकारी अहवालात कधी कुणी वाचले आहे का? फरक पडला नाही असे निघाले तर पुढच्या तिमाहीला त्याच पाचशे रुपयांत कॉलेजच्या फाटकाशी एक टेबल, एक लॅपटॉप आणि ‘शेख’ कुठल्या चौकोनात लिहायचे हे ठाऊक असलेला एक पोरगा बसवावा, आणि मग त्याचीही मोजदाद करावी.